केसांतल्या काचा

बाबा गॅलरीत फोनवर बोलत होते आणि मी आत त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होते. तो स्क्रू इतका बारीक होता, की चिमटीत घट्ट धरला तर दिसत नव्हता आणि दिसावा म्हणून सैल धरला तर पडत होता. दोनदा टेबलाखाली वाकून शोधला. शेवटी एकदाचा तो भोकात बसला, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातल्या छोट्या पेचकसाने मी तो फिरवायला लागले, तेवढ्यात बाबांचा आवाज बदलला. हा बदल आमच्या घरात सगळ्यांना ओळखू येतो. आई त्याला 'दुकान उघडलं' म्हणते. एरवी बाबा घाईत, अर्धी वाक्यं गिळून बोलायचे. दुकान उघडलं की आवाज खाली यायचा, सावकाश व्हायचा, ऐकणाऱ्याला वाटावं की हे फक्त आपल्यालाच सांगतायत. "लिहून घेऊ नकोस आत्ता," ते म्हणाले, "आधी नीट ऐक." म्हणजे पलीकडे तो वर्तमानपत्रवाला होता, आणि गोष्ट शिडीची होती.

बाबा खेळाडूंचे एजंट होते. बास्केटबॉलच्या खेळाडूंचे करार करायचे, त्यांना बुटांच्या आणि थंड पेयांच्या जाहिराती मिळवून द्यायचे, त्यांची भांडणं मिटवायचे, लग्नात त्यांच्या बाजूने उभे राहायचे. शिडी त्यांच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात मोठा. नावही बाबांनीच ठेवलेलं, मथळ्यात मावतं म्हणून. मला तो शिडीकाका. घरात आला की आई आधी बंद पडलेला बल्ब त्याच्या हातात द्यायची आणि मग पाणी विचारायची; तो उभ्या उभ्या, टाचसुद्धा न उचलता, बल्ब बदलून द्यायचा. पुढे तो पिऊ लागला, भर सामन्यात त्याने पंचाला ढकललं, बंदी आली, बायको मुलीला घेऊन गेली, आणि बंदी उठली तेव्हा गुडघे उरले नव्हते. बाबांचा तो खेळाडू राहिला नाही. माल मात्र राहिला. बाकीचे खेळाडू कुणाला आठवेनासे झाले, बाबांना फोन यायचे बंद झाले, तरी शिडीच्या पडझडीच्या गोष्टी वर्षातून दोन-तीनदा खपायच्या. कुठे नाव नसायचं, 'अत्यंत जवळच्या व्यक्तीने सांगितलं' एवढंच. ती व्यक्ती आमच्या गॅलरीत, बनियनवर, एक पाय कुंडीच्या कडेवर ठेवून बोलायची. गोष्टीत एक वस्तू खरी लागते, असं बाबा म्हणायचे. एकच. ती नीट ठेवली की बाकीचं माणसं आपणहून भरून घेतात.

"हॉलच्या मागे गाड्या लावायची जागा," बाबा सांगत होते. "थंडी. पोरगी मागच्या सीटवर, सहा वर्षांची असेल. हा तिला म्हणतो, आलोच, कुणालाही दार उघडू नकोस. आणि आत जाऊन बसतो तो बसतोच. ग्लासावर ग्लास. पोरीला विसरूनच गेला. वॉचमन येतो, काचेवर ठोकतो. ही उघडत नाही. का? बापाने सांगितलंय ना. शहाणी पोरगी." मग ते थांबले. मी पेचकस फिरवायची थांबले. "शेवटी काच फोडली. तिच्या अंगावर त्याचा कोट होता. तोंडापर्यंत ओढून घेतला होता तिने." आणि इथे, त्या कोटापाशी, दुकान बंद झालं. आवाज एकदम त्यांचा स्वतःचा झाला, जरा फाटका, घाईतला. "कोटाचं लिही," ते म्हणाले. "बाकी काही गाळलंस तरी चालेल. कोटाचं लिही."

त्या कोटाला तंबाखूचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास होता. आत अस्तर एका ठिकाणी उसवलं होतं आणि त्यातून मी बोट घालून आतला कापूस चाचपत राहिले होते, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गाडी दोन दारांची, लाल, छोटी. मागे बसलेल्याला बाहेर पडायचं तर पुढची सीट दुमडावी लागते, आणि ती दुमडायची खिट्टी माझ्या हाताला जेमतेम लागत होती. काचांवर आतून वाफ धरली होती. मी तिच्यावर आधी घर काढलं, मग पुसून टाकलं, मग बाबा दिसावेत म्हणून गोल भोक केलं आणि त्यातून हॉलचं मागचं दार बघत बसले. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बोलायची कशाला. आमच्याकडे त्या वर्षांना 'तेव्हा' म्हणायचे. तेव्हा तुझ्या बाबांचं जरा चाललं नव्हतं. तेव्हा घेतलेलं कपाट. तेव्हापासून आईच्या पाठीत दुखतं. बाबांनी दारू सोडली, आणि 'तेव्हा'ला कडी लागली. शिडी कधी त्या गाडीत मावलाच नसता. एकदा हौसेने बसला होता, गुडघे कानांना लावून, आणि त्याला बाहेर काढायला आम्ही तिघं लागलो होतो. पण हे वर्तमानपत्रवाल्याने कुणाला विचारावं?

बाबा आत आले. फोन खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "झालं का, बाईसाहेब?"

"झालं. घालून बघा."

त्यांनी चष्मा घातला, दांडी दोनदा उघडली-मिटली आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ. "हां," ते म्हणाले, "आता दिसतंय."

"कुणाशी बोलत होतात?"

"आहे एक. रिकामा आहे, माझ्यासारखाच."

"शिडीकाकांचं होतं?"

"त्याचं अजून खपतं गं. माझं कोण विचारतंय?" मग ते माझ्या पाठीमागे बघायला लागले. "वारा येतोय का तुला? लावू खिडकी?" मी नको म्हणायच्या आत त्यांनी खिडकी लावली, कडी घातली, कडी बसली की नाही ते ओढून पाहिलं. आता विचारावं असं मला वाटलं. बाबा, ती मी होते ना? एवढंच. वाक्य अगदी तयार होतं. पण आईने आतून ओरडून विचारलं की मी जेवून जाणार आहे की तशीच पळणार आहे, आणि मी म्हणाले की पळते, मुद्रितं तपासून द्यायची आहेत. मी प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका शोधून समासात खुणा करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. दारापर्यंत बाबा आले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "चांगला घट्ट केलायस. आता हा माझ्याआधी नाही मोडायचा." मी म्हणाले, काहीतरीच काय बोलता.

सकाळी आईचा फोन आला. ती फक्त "ये" म्हणाली. दवाखान्यात लाकडी बाकावर आम्ही दोघी कागदपत्रांची वाट पाहत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते की बाबांचं हृदय झोपेतच थांबलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल, आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण चष्मा डोळ्यांवर होता, झोपताना ते काढतात." शेजारी एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता. मी काही न बघता तिकडे बघत होते, आणि त्या पानावर शिडीचा जुना फोटो होता, रिंगेला लोंबकळणारा, आणि खाली मथळा: मुलीला बंद गाडीत विसरला. तो माणूस पान उलटेपर्यंत मी वाचलं. कोट होता. पहिल्याच परिच्छेदात. मला रडू आलं ते तिथे, आणि आईला वाटलं ते बाबांसाठी आलं. बाबांसाठीच होतं. पण आई समजली त्या कारणाने नव्हतं.

नंतरचे दिवस माणसं येत राहिली. खुर्च्या शेजाऱ्यांच्या. बोलणं तेच ते. किती हसतमुख, किती जणांचं भलं केलं, काय बोलायचे, नुसतं ऐकत बसावं. मी मान हलवायची आणि डोक्यात मुद्रितं तपासल्यासारखी बाबांची एकेक गोष्ट तपासायची. हॉटेलच्या आरशावर ग्लास फेकला, ती गोष्ट. तो आरसा आमच्या न्हाणीघरात होता आणि त्याची जागा अजून भिंतीवर फिकट चौकोन होऊन आहे. बहिणीच्या लग्नात मांडवात झोपून गेला, ती गोष्ट. ती बहीण म्हणजे माझी आत्या. आणि स्टुलाची. नशेत बल्ब बदलायला स्टुलावर चढला आणि पडून मनगट मोडून घेतलं. छापून आली तेव्हा मी ती वाचून हसले होते, आणि मग हसू तोंडावरच थिजलं होतं. इतक्या उंच माणसाला बल्ब बदलायला स्टूल कशाला लागेल? एकाही वाचकाला हा प्रश्न पडला नाही. संपादकाला पडला नाही. बाबांना तर मुळीच पडला नाही, आणि माणसं ओळखण्यात त्यांची कधी चूक होत नसे. सांगताना ते शिडी राहिलेच नव्हते. ते स्टुलावर उभे होते, हात वर करून, होल्डर हाताला लागत नाही म्हणून टाचा उचलून, आणि खाली मी स्टूल धरून होते.

आपली लाज त्यांनी एकाच माणसाच्या नावावर करून ठेवली होती, ज्याच्या नावावर आधीच इतकं होतं की आणखी थोडं कळून येणार नाही. विकायला म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण कोटाचं लिही, म्हणताना ते विकत नव्हते. मला वाटतं, बोलायची त्यांना तेवढी एकच रीत येत होती. अनोळखी माणसाला, फोनवर, दुसऱ्याच्या नावाने. आणि मी भिंतीपलीकडे आहे हे त्यांना माहीत होतं. गॅलरीचं दार त्यांनी कधी लावून घेतलं नाही. हे मला त्या बाकावर कळलं, म्हणजे एका रात्रीने उशिरा.

शिडीकाका एका दुपारी आले, बाकीची माणसं निघून गेल्यावर. दारातून आत येताना ते वाकले, मग बोळाच्या दारापाशी वाकले. सवय तशीच, फक्त आता सरळ व्हायला वेळ लागत होता. केस सगळे पांढरे. दाढी नीट केलेली, गळ्याशी एक कापलेली रेघ. "वहिनी," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. आईसुद्धा उभीच. मग तिने वर बघितलं. बोळातला बल्ब परवापासून गेला होता, आलेल्यांतल्या कुणाला सांगावं असं तिला वाटलं नव्हतं. ती आत गेली आणि खोक्यातला नवा बल्ब घेऊन आली. त्यांनी तो घेतला, जुना काढला, नवा बसवला. टाचा जमिनीवर. बटण मी दाबलं.

"बुटके," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू वाढलीच नाहीस की."

"तुमच्या मापाने कोणीच वाढलं नाही."

"ते खरं." ते खुर्चीत बसले, गुडघे दोन्ही बाजूंना कुठे ठेवावेत ते शोधत. आईने चहा आणला. बाबांच्या फोटोकडे ते बराच वेळ बघत होते. "त्याच्यावर मी कधी रागावलो नाही," ते म्हणाले. "लोक म्हणायचे, केस कर त्याच्यावर. म्हटलं, विकतोय तोवर मी आहे तरी. ज्या दिवशी विकायचं थांबेल, त्या दिवशी मी मेलो." मग त्यांना आपण कुठे बसलोय ते आठवलं असावं. "माफ करा, वहिनी."

"तुम्ही बोला," आई म्हणाली. "त्यांना बोलणारी माणसं आवडायची."

"पेपरात वाचून मला कळायचं," ते म्हणाले, आता माझ्याकडे वळून, "की अरे, आपण हे पण केलं होतं. मला तेव्हाचं आठवत नाही गं. वर्षंच्या वर्षं नाहीत. त्याच्याकडे होती ती. स्टुलावरून पडलो म्हणून आलं होतं ना, तेव्हा मी दोन्ही मनगटं चाचपून बघितली. जुनं मोडलेलं काही हाताला लागेना. म्हटलं, नशेत माणसाचं हाड नीट जुळून पण येत असेल." ते हसले, आणि मला हसता आलं नाही. आई कपबशी टेबलावर सरळ करत होती, जी सरळच होती.

"पण हे गाडीचं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दारू सुटून बरीच वर्षं झाली. मुलगी माझ्याच वयाची, लग्न झालेली, एक मुलगी असलेली. इतक्या वर्षांनी ती आताशा बोलायला लागली होती, आणि या वर्षी तिने त्यांना नातीला शाळेतून घरी आणायचं काम दिलं होतं. "रोज. पोरगी माझं एक बोट धरते, पूर्ण हात मावतच नाही तिच्या हातात. रस्ताभर विचारते, आजोबा, वरून काय दिसतं?" आणि मग हे छापून आलं. मुलीने फोन केला. रागावली नाही, तेच वाईट. ती म्हणाली, मला काही आठवत नाही, पण बंद गाडीत माझा जीव का घाबरतो ते आता कळलं. आणि म्हणाली, शाळेत काही दिवस येऊ नका. "मी तिला म्हणालो नाही की खोटं आहे. कसं म्हणू? मलाच माहीत नाही. तुझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं. तेवढ्यासाठीच निघालो होतो खरं तर, आणि वाटेत कळलं." त्यांनी हात उघडून मांडीवर ठेवले. "एक आठवतं मला. काचा. एका लहान पोरीच्या केसांतून मी काचा काढत होतो, एकेक करून. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती. इतकं स्वच्छ आठवतं की बोटांना कळतं. म्हणजे झालंच असणार. दुसरी कुठली पोरगी असणार?"

मी बाबांच्या फोटोकडे बघितलं. चष्मा फोटोसमोर मिटून ठेवला होता. मला ती बोटं आठवत होती. हॉलच्या मागच्या दारातला पिवळा उजेड, वॉचमन काठी हातात घेऊन बाजूला उभा, आणि ती लांब बोटं माझ्या केसांत, इतकी हळू की मला वाटलं हा माणूस माझ्या डोक्यावर काहीतरी ठेवतोय. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. "हलू नकोस, बुटके," ते म्हणत होते, "हलू नकोस, एक राहिली." राहिलेली एक संपतच नव्हती. आणि त्यांच्या खांद्यावरून मला बाबा दिसत होते, भिंतीला टेकलेले, कोटाशिवाय, थंडीत, तोंडावर हात धरून. ते पुढे आले नाहीत. घरी आल्यावर आईने माझ्या केसांत फणी घातली, तिला आणखी एक कपची मिळाली, आणि ती तिने रागाने खिडकीबाहेर टाकली.

मी आईकडे बघितलं. तिला फणी आठवत होती. मला ते तिच्या मानेवरून कळलं.

"किती वर्षांपूर्वीचं," आई म्हणाली. आवाज शांत होता. "आता ते उकरून कुणाचं काय होणार? तुमची मुलगी शहाणी आहे, निवळेल. चहा घ्या, गार होतोय."

"हो," ते म्हणाले आणि कप उचलला.

"आणि सांगणारा माणूसही राहिला नाही," आई म्हणाली. हे ती त्यांना नाही, मला सांगत होती.

मला तिचं कळत होतं. आठवडाभर माणसं या खोलीत बसून जे बोलून गेली होती, ते तिला हवं होतं. तिने त्याचे दाम कधीच मोजून टाकले होते. आणि बाबा. त्यांनी ती रात्र इतक्या दूर नेऊन ठेवली होती, दुसऱ्याच्या घरात. मी ती उचलून परत आणली तर ती ठेवायला आता त्यांचे हातही नव्हते. आपली बाजू सांगायला ते गॅलरीत जाऊ शकत नव्हते. एक खूण समासात करावी, पुढचा बघून घेईल, असं माझ्या कामात चालतं. इथे पुढचा कुणी नव्हता. शिडीकाकांनी कप खाली ठेवला आणि उठायच्या तयारीने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. ते उठतील, दारात वाकतील, बोळात वाकतील, आणि जाऊन मुलीला सांगतील की हो, मीच. उभं राहताना त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला, आधारासाठी. बोटं अजून तशीच लांब होती. सांधे सुजलेले.

"येतो, वहिनी. जपा. येतो गं."

"शिडीकाका," मी म्हणाले. "बसा."

ते बसले नाहीत. आईने माझं नाव घेतलं, हळूच, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायची तसं. बाबांचा चष्मा माझ्यासमोर होता, दांड्या घट्ट. मी त्याच्याकडेच बघत बोलले, कारण इतकी वर्षं हे त्यांनाच सांगायचं राहिलं होतं.

"ती गाडी आमची होती. लाल, दोन दारांची. तुम्ही तिच्यात मावला नसता. माझ्या अंगावर बाबांचा कोट होता, बाबा आत होते, आणि मी दार उघडलं नाही, कारण ते म्हणाले होते, आलोच. मागच्या सीटवर मी होते, काका. तुम्ही फक्त काचा काढल्यात."